विणलेलं कापड आणि हलती शिल्पं, राजारामपुरीतलं प्रदर्शन

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या गॅलरीत सध्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट विणकाम आणि कायनेटिक शिल्पं एकत्र मांडलीयत, जमलं तर नक्की जावा आणि घाईत जाऊ नका, कारण निम्मं काम थांबल्याशिवाय दिसतच नाही.

मधली खोली म्हणजे नाद खुळा. छताला पातळ पत्र्याच्या पात्यांचं मोबाइल, म्हणजे हवेवर हलणारं टांगतं शिल्प, लावलंय, मोटर वगैरे काही नाही, आपण जवळनं गेलो की तेवढ्या वाऱ्यानं फिरतं, आणि मागं भिंतीपासनं वीतभर पुढं लोकरीचं जाड विणलेलं कापड मोकळं सोडलंय. पात्याची सावली त्या कापडावरनं सरकते आणि वीण विरळ आहे तिथं आरपार जाऊन भिंतीवर परत उमटते. कापडातले उभे धागे मधेच वाट सोडून तिरके पळतात, मुंबईच्या विणकर-कलाकार मोनिका कोरियांच्या कामात असतं तसं, त्या विणता विणता मागावर उभे धागे सरळ धरणारी फणीच काढून घेतात आणि ताणा, म्हणजे ते उभे धागे, मोकळे सोडतात. आम्ही इचलकरंजीकडची माणसं, आमच्याकडं धागा असा सरकला तर माल रिजेक्ट, आणि इथं त्याच्यासमोरनं पाय निघंना.

असलं मोबाइल म्हटलं की अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर, तोसुद्धा १९५५ ला गिरणीमालक साराभाई कुटुंबाच्या बोलावण्यावरनं अहमदाबादला येऊन काम करून गेला, म्हणजे कापडगिरण्यांच्याच गावात.

लाइटचं डोकं लावलंय ते मला फार आवडलं. कापडाचा रंग उडू नये म्हणून म्युझियमवाले साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर जात नाहीत, पण धारदार सावलीला तर कडक स्पॉटलाइट लागतो. मग इथं स्पॉट सेन्सरवर ठेवलाय, कोणी आलं की लागतो, गेलं की बंद.

आतली खोली मात्र जमली नाही. तिथलं कापड काचेच्या फ्रेममधे कोंडलंय, काचेत आपलंच तोंड दिसतं, वारा लागायचा प्रश्नच नाही, आणि शेजारचं शिल्प मोटरवर घरघरतंय. दोघांचा एकमेकांशी काही संबंधच लागत नाही. काच काढा हो, दोरी बांधून लांबनं बघू आम्ही!

एंट्री फ्री आहे. लेबलं फक्त इंग्रजीत, एक वयस्कर विणकर नातवाकडनं वाचून घेत होते. ती मराठीत पाहिजेतच, लगेच.