अजरख घ्यायचंय, पण नैसर्गिक रंगाचं की केमिकलचं?

भाचीने परवा दोन ओढण्यांचे फोटो पाठवले, मावशी पटकन सांग कुठली घेऊ. दोन्ही अजरख, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेलं, निळ्या-लाल-काळ्या नक्षीचं कच्छकडचं कापड, डिझाईन जवळपास तेच, एक १८०० ची आणि एक ४५० ची. महागडीवर चिठ्ठी, ‘१०० टक्के नॅचरल डाय’. तिच्या डोक्यात गणित सोपं होतं, नॅचरल म्हणजे चांगलं आणि केमिकल म्हणजे विष. मी म्हटलं थांब, रंगारंगात फरक असतो.

आधी निळ्या रंगाचं बघू. १८९७ ला जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात बनवलेली नीळ बाजारात आणली, आणि गंमत म्हणजे तिच्यातला मुख्य रेणू अगदी तोच आहे जो झाडाच्या पानांपासून मिळतो. रंगवायची रीतही तीच, कापड रंगाच्या कुंडातून काढलं की पिवळट हिरवं दिसतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. झाडाच्या निळीत थोडे इतर घटक असतात म्हणून शेड जरा वेगळी येते, बास. त्यामुळे दुकानात ओला रुमाल घासून ‘बघा रंग जातोय, म्हणजे अस्सल’ असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्यायचं, नीळ झाडाची असो नाहीतर कारखान्याची, दोन्हीही घासल्यावर थोडी झडतेच.

आणि नॅचरल म्हणजे पुण्याचं काम असंही नाही हं. बिहारमधल्या चंपारणमध्ये शेतकऱ्याला दर २० कठ्ठ्यांपैकी (कठ्ठा म्हणजे तिकडचं जमिनीचं माप) ३ कठ्ठे जमिनीत नीळ लावायची सक्ती होती, जर्मन नीळ आल्यावर भाव पडला तेव्हा निळीचे इंग्रज मळेवाले म्हणाले नीळ लावू नका पण मग खंड वाढवून द्या! १९१७ ला गांधीजी तिथे गेले ते याच भानगडीसाठी.

लाल रंगाची गोष्ट अजून मजेशीर आहे. मंजिष्ठाच्या जातीच्या झाडांच्या मुळांतून जो लाल मिळायचा त्यातला अलिझरिन १८६८ ला ग्रेबे आणि लीबरमन या दोन जर्मन केमिस्टनी प्रयोगशाळेत बनवला आणि फ्रान्स-हॉलंडमधली मुळांची शेती काही वर्षांत बसली. आज कच्छच्या अजरखमध्येही बऱ्याच ठिकाणी लालसाठी कारखान्यातलाच अलिझरिन वापरतात, बाकी हिरडा, तुरटी, ठसे सगळं पारंपरिक. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण मग चिठ्ठीवर १०० टक्के लिहू नये ना. तेव्हा दुकानदाराला फक्त ‘लाल कशाचा’ एवढं विचारायचं, उत्तर देताना तो अडखळला की कळतंच.

पिवळा नॅचरल घेणार असशील तर विचार कर. हळदीचा डाग उन्हात घातला की जातो हे आपल्या घरात सगळ्यांना माहितीये, मग हळदीने रंगवलेला कुर्ता कुठून टिकणार? करडईच्या फुलांचा कुसुंबी पण तसाच, दिसायला देखणा आणि उन्हाला भित्रा.

अजरखचा काळा गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात आंबवून करतात. पक्का असतो, पण त्याला आंबट चालत नाही. माझ्या ओढणीवर पोह्यांवर पिळताना लिंबाचे दोन थेंब उडाले, काळ्या नक्षीत दोन फिकट ठिपके कायमचे. आणि लोखंडामुळे वर्षानुवर्षांनी कापडही आधी काळ्या रेघांवरच विरतं.

आता केमिकलवाल्यांबद्दल. १८५६ ला १८ वर्षांचा विल्यम पर्किन मलेरियासाठी क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला, तिथून हे सगळं सुरू झालं. पण आज केमिकल म्हणजे एकच एक गोष्ट नाही. १९५६ ला आलेले रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताच्या धाग्याला रासायनिक बंधाने चिकटतात, रोज धुवायच्या कपड्याला मी तेच घेते. अ‍ॅझो हा कारखान्यातल्या रंगांचा एक मोठा गट, त्यातल्या काही रंगांतून अमाईन्स नावाची घातक रसायनं निघतात, असे रंग आपल्याकडे ९० च्या दशकातच बंद केलेत, तरी लहान बाळाचं कापड असेल तर अ‍ॅझो-फ्री लिहिलंय का बघ. नॅचरलमध्येही रंग पक्का करायला तुरटी वापरली की मोरचूद ते विचारायचंच, मोरचूद म्हणजे तांबं आलं, आणि रंगवल्यावरचं ते पाणी कुठे सोडतात हा प्रश्न दोघांनाही लागू आहे.

राहिली ४५० वाली. तिला म्हटलं उलटी करून बघ. मागून पांढरट निघाली आणि पुढून हाताला जरा कडक, म्हणजे रंग नुसता वर बसवलेला पिगमेंट प्रिंट. वाईट नाही, पण तिला अजरख म्हणून घेऊ नकोस.

शेवटी तिने १८०० वाली घेतली, लाल कारखान्यातल्या अलिझरिनचा आहे असं दुकानदाराने सरळ सांगितलं म्हणून, आणि ऑफिसचे दोन कुर्ते रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचे. ओढणी पहिले तीन-चार वेळा वेगळी धू, रिठ्याच्या पाण्यात, सावलीत वाळव, आणि पोहे खाताना आधी काढून ठेव.