थंडीत व्यायाम: चरबी कोणाची जास्त जळते, आणि नागपुरात वेळ कोणती निवडावी?

डिसेंबर-जानेवारीत व्यायाम सुरू करणाऱ्या नागपूरकरापुढे साधारण दोन पर्याय असतात. एक, सकाळी 6 वाजता अंबाझरी किंवा फुटाळ्याचा काठ, पारा 10-11 अंशांवर. दुसरा, संध्याकाळी घराजवळचं मैदान किंवा जिम, 20-22 अंशांत. सकाळच्या बाजूने एक मुद्दा हमखास मांडला जातो: थंडीत चरबी जास्त जळते. आणि नवरा-बायको मिळून ठरवत असतील, तर दोघांना सारखाच फायदा होतो का, हेही बघावं लागतं.

या समजुतीला आधार आहे, पण तो जपून वाचायला हवा. कॅनडातल्या लॉरेन्शियन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये वजन जास्त असलेल्या 11 व्यक्तींकडून 0 आणि 21 अंशांत सायकलवर जोरकस, तुकड्या-तुकड्यांचा व्यायाम करून घेतला. थंडीत व्यायामादरम्यान चरबीचं ज्वलन 358 टक्क्यांनी जास्त निघालं. आकडा डोळे दिपवणारा आहे. मात्र इतक्या जोरात पाय मारताना शरीर मुख्यतः साखरेवर चालतं, चरबी अगदी थोडी वापरली जाते. त्या थोड्याची काही पट झाली तरी हातात काही ग्रॅमच येतात. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या जेवणानंतर तपासलं, तेव्हा थंडीचा ठोस फायदा दिसला नाही. आणि 0 अंश नागपुरात येणार कुठून? 29 डिसेंबर 2018 च्या विक्रमी थंडीच्या सकाळीही पारा 3.5 वरच थांबला होता.

दुसरं असं की, हुडहुडी भरून जळणारी चरबी आणि चालून-धावून जळणारी चरबी यांची सरळ बेरीज होत नाही. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता म्हणूनच बाहेर पडतो. त्यामुळे दहाएक मिनिटांत स्वेटर काढावासा वाटतो, आणि उष्णतेसाठी वेगळी चरबी जाळण्याची शरीराला गरजच उरत नाही.

स्त्री-पुरुषांत फरक आहे, पण तो थंडी नसतानाही असतो. दोघांनी आपापल्या ताकदीच्या प्रमाणात सारखाच जोर लावला, तर मध्यम गतीच्या व्यायामात स्त्रीच्या शरीराला चरबीतून ऊर्जेचा मोठा वाटा मिळतो. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा त्यात महत्त्वाचा हात आहे. थंडीत उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबीही स्त्रियांमध्ये जास्त वेळा आढळते: 2009 च्या अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत स्कॅन केलेल्या 7.5 टक्के स्त्रियांत ती दिसली, पुरुषांत 3.1 टक्के. पण ती जागी होते स्वस्थ बसून गारठल्यावर, घाम गाळताना नव्हे.

प्रत्यक्ष हिशेब मांडून बघा. 70 किलोचा पुरुष तासभर भरभर चालला, तर 300 च्या आसपास कॅलरी खर्च होतात. 55 किलोच्या स्त्रीच्या 235. समजा त्याच्या निम्म्या चरबीतून आल्या आणि तिच्या 60 टक्के. दोघांचीही साधारण 16 ग्रॅम चरबी! म्हणजे ‘बायकांची लवकर जळते’ किंवा ‘पुरुषांची लवकर जळते’ यावर वेळ ठरवण्यात अर्थ नाही.

मग थंडीचा खरा फायदा कशात आहे? दम टिकण्यात. 1997 मध्ये 8 पुरुषांवर झालेल्या एका प्रयोगात एकाच जोराने, थकून थांबेपर्यंत सायकल चालवताना 4 अंशांत 81 मिनिटं, 11 अंशांत 93, 21 अंशांत 81, आणि 31 अंशांत जेमतेम 52 मिनिटं निघाली. 11 अंश म्हणजे आपली जानेवारीतली सकाळ, 31 म्हणजे आपल्या मे महिन्यातली पहाट. हिवाळ्यात जास्त अंतर कापलं जातं, रोज यावंसं वाटतं. माझ्या मते वजन उतरतं ते यामुळे.

ही कमाई घालवणारी गोष्टही थंडीच आहे, कारण भूक खवळते. थंड पाण्यात व्यायाम केल्यावर लोक कोमट पाण्याच्या तुलनेत 44 टक्के जास्त जेवले, असं 2005 च्या एका अभ्यासात दिसलं. हवेतल्या गारव्याचा परिणाम तेवढा नसेलही, पण फिरून येताना तर्री पोह्यांच्या ठेल्यावर दुसरी प्लेट मागवण्याआधी वरचे 16 ग्रॅम आठवावेत.

निवड करताना मी सकाळलाच कौल देईन, पण 6 ऐवजी 7 नंतरच्या. जानेवारीत सूर्य 6.50 च्या सुमारास उगवतो. त्याआधी निर्जन रस्त्यावर एकट्या बाईने जावं, असं मी कुणाला सुचवणार नाही, आणि गारठ्यात शेकोट्यांचा, वाहनांचा धूरही जमिनीलगत कोंडलेला असतो. दमा असेल तर 8 नंतर, नाकातोंडावर रुमाल बांधून. ब्लड प्रेशर किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी संध्याकाळच धरावी. गार हवेत रक्तवाहिन्या आकसतात, प्रेशर चढतं, आणि हा धोका वाढत्या वयात मोठा असतो. स्त्रियांचे हातपाय लवकर गार पडतात, म्हणून हातमोजे आणि जाड मोजे घ्यावेत. अंगात मात्र दोघांनीही एकच जाड जॅकेट घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर घालावेत, म्हणजे अंग तापलं की एकेक उतरवता येतो.