अलॉय म्हणून लोखंड गळ्यात मारलं, सोलापुरात सायकल घेणार असाल तर हे वाचा

लिहू का नको करत होतो, कारण चाळिशी ओलांडलेला माणूस सायकल घेताना फसला म्हटलं की लोक हसतातच. पण गेल्या आठवड्यात ऑफिसातला एकजण त्याच दुकानाचं नाव घेऊन "तिथं चांगल्या मिळतात म्हणे" असं म्हणाला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकतो. दुकानाचं नाव टाकत नाही, प्रकरण अजून चालू आहे.

मी जुळे सोलापूरला राहतो, काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्याच्या ऑफिसात. एका बाजूनं आठेक किलोमीटर. पेट्रोल आणि पोट, दोन्ही कारणांनी दिवाळीनंतर ठरवलं की रोज सायकलनं जायचं. मला पाहिजे होतं काय, तर डबा ठेवायला कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, आणि रात्री आठला परत येताना ट्रकवाल्याला मी दिसलो पाहिजे. बस. एवढंच जाऊन सांगितलं असतं तरी वाचलो असतो. पण दुकानात शिरल्या शिरल्या नजर गेली ती काळ्या-लाल गिअरच्या सायकलवर, जाड टायर, दोन्हीकडं डिस्क ब्रेक, पुढं सस्पेन्शन. दुकानदारानं माझी नजर बरोबर पकडली.

"सर, अलॉय आहे, शिमानो गिअर. वीस हजाराची गाडी, तुम्हाला साडेचौदाला देतो." अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमची हलकी फ्रेम, आणि शिमानो ही गिअर बनवणारी नावाजलेली जपानी कंपनी. फ्रेमवर दोन्ही नावांचे मोठे स्टिकर होतेच. मी विचारलं खरंच अलॉय का, तर त्यानं रिमवर टिचकी मारून दाखवली, म्हणाला आवाज ऐका. मी ऐकला. काय कळणार होतं मला त्या आवाजातलं, पण मान डोलावली. वर तीन हजारात कॉम्बो, म्हणजे हेल्मेट, नाईट जॅकेट, लाईट, सीटचं जेल कव्हर.

बिल मागितलं तर म्हणाला, "बिलावर घ्यायची तर 12 टक्के जीएसटी वर पडेल सर, कशाला उगं." मी पण म्हटलं कशाला उगं, आणि एस्टिमेट लिहिलेली कच्ची पावती खिशात घालून आलो. आता ऐका. सायकलवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासूनच 5 टक्के झालाय, तो मला जुना रेट सांगत होता. आणि मुळात एमआरपीत सगळे टॅक्स धरलेलेच असतात, त्याच्यावर परत टॅक्स लावायचा प्रश्नच नाही. एमआरपीचं लेबल सायकलवर नव्हतंच, हँडलपाशी फक्त गोंदाचा चिकट डाग होता. तो डाग मी त्याच दिवशी बघितला होता, बोटानं खरवडला पण होता. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

पहिले आठ-दहा दिवस मजेत गेले. मग गुडघे दुखायला लागले. माझी उंची पाच फूट दहा इंच, सायकल मला छोटी. दुकानदार म्हणाला होता "एकच साईज येते सर, सगळ्यांना बसते", ते सपशेल खोटं, फ्रेमला साईज असते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली आणि पॅडल एकदम खाली नेलं की पाय सरळ व्हायला पाहिजे, ही साधी कसोटी. माझी सीट जेवढी वर जाते तेवढी नेली तरी गुडघा वाकलेलाच राहायचा. त्यात डिस्क ब्रेक घासायला लागला, आणि कॅरिअर बसवायला गेलो तर फ्रेमला स्क्रूची भोकंच नाहीत. म्हणजे डबा पाठीवरच्या सॅकमध्ये आणि सोलापूरच्या उन्हात पाठीला कायम ओला चौकोन.

शेवटी अशोक चौकाकडं एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे अण्णा म्हणतात, त्यांच्याकडं नेली. त्यांनी एका हातानं उचलून बघितली आणि लगेच खाली ठेवली. "सर, अलॉय म्हणून दिली का ही?" म्हटलं हो. काही बोलले नाहीत, जुन्या स्पीकरचा गोल लोहचुंबक त्यांच्या डब्यात होता, तो काढून फ्रेमच्या खालच्या दांडीजवळ नेला. खट्ट. असा चिकटला की ओढून काढायला लागला. मग वरची दांडी, खट्ट. पुढचा फोर्क, खट्ट. शेवटी रिमला लावला तर घसरून खाली पडला. अण्णा हसले, "रिम तेवढी अलॉय आहे. खोटं नाही बोलला तो, अर्धं बोलला."

मग त्यांनी मागचं गिअर फिरवणारं ते लटकणारं यंत्र, डिरेलर, पुसून दाखवलं. खऱ्या शिमानोवर नाव धातूत किंवा प्लास्टिकमध्येच उमटवलेलं असतं आणि आतल्या बाजूला मॉडेलचा नंबर असतो, आरडी-टीवाय300 वगैरे. माझ्यावर आत काहीच नव्हतं, बाहेर एक स्टिकर, तो पण नखानं निघाला.

एक सांगतो, लोखंडी फ्रेम वाईट नसते. आमच्या वडलांची काळी सायकल लोखंडीच होती, गिरणीच्या पाळीला वीस वर्षं गेली त्यांना घेऊन, आणि तुटली तर गल्लीतला वेल्डर जोडून देतो, अलॉयचं तसं नाही. माझी तक्रार एवढीच की लोखंड द्या, पण लोखंडाच्या भावात द्या की.

पण खरा राग आला तो जॅकेटचा. सायकलमुळं पैसे गेले, जॅकेटमुळं जीव गेला असता. पोपटी जॅकेट, त्यावर चंदेरी पट्ट्या, दुकानाच्या ट्यूबलाईटखाली मस्त चमकायच्या. एका रात्री एमआयडीसीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं अगदी जवळ येऊन करकचून ब्रेक मारला आणि ओरडला, "दिसंना बे काही, लाईट तर लाव!" मागचा लाल लाईट कधी बंद पडला मला कळलंच नव्हतं, पण जॅकेट तर घातलं होतं. घरी येऊन बायकोला म्हटलं लाईट बंद कर, आणि मोबाईलचा टॉर्च डोळ्याशेजारी धरून पट्ट्यांवर मारला. काही नाही, नुसती करडी. शेजारच्या मुलाच्या शाळेच्या बुटावर दोन बोटांची पट्टी होती, ती मागवून तिच्यावर मारला तर दिव्यासारखी पेटली. बायको म्हणाली, "अहो, तीन हजार दिले ना?" खरी पट्टी उजेड जिकडून येतो तिकडंच परत फेकते, म्हणून टॉर्च डोळ्याजवळ धरायचा. माझी म्हणजे नुसतं चंदेरी कापड. आणि पोपटी रंगाचा उपयोग दिवसा, अंधारात त्याला कोण विचारतो.

त्याच रात्री हेल्मेटचं अस्तर उचकटलं. आत थर्माकोलचा जाड थर पाहिजे, डोकं आपटलं की तो चिरडतो आणि मार खातो. माझ्यात स्पंज, पापडाएवढा पातळ. सायकलच्या नीट हेल्मेटमध्ये आत ईएन 1078 किंवा सीपीएससी, म्हणजे युरोपचं किंवा अमेरिकेचं सुरक्षेचं मानक, छापलेलं असतं, यात वॉशिंगची चिन्हं होती. जेल कव्हरबद्दल बोलतच नाही, अर्ध्या तासात सगळं सुन्न.

परत दुकानात गेलो. तो म्हणतो, "मी अलॉय म्हणालो ते रिमबद्दल सर." अण्णा शब्द न शब्द बरोबर होते. पावती दाखवली तर म्हणे हे बिल नाहीच. तेव्हा 1915 ला फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, आणि ऑनलाईन पैसे दिलेले म्हणून निदान रक्कम आणि तारीख तरी हातात होती, रोख दिले असते तर तेही नसतं. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी ग्राहक आयोगात फी लागत नाही हे पण तेव्हाच कळलं. हे त्याला सांगितल्यावर हेल्मेटचे बाराशे रुपये दिले आणि पक्कं बिल करून दिलं. बिलावर फ्रेमपुढं काय लिहिलंय माहितीये? "स्टील". स्वतःच्या हातानं. आता ते बिल घेऊन पुढं जाणार आहे.

जॅकेट मात्र "वापरलेलं आहे" म्हणून परत घेतलं नाही. दाराच्या खुंटीला टांगलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याला टॉर्च मारून दाखवतो.