दोन्ही निदानांचा वेगवेगळा विचार करणारे केंद्र: आमच्या मुलाच्या चाचण्यांचा अनुभव

आमच्या सात वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) आणि बौद्धिक अक्षमता या दोन्ही आहेत, हे आम्हाला या केंद्रात पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत सांगण्यात आले. त्याआधी दोन ठिकाणी दोन निराळी उत्तरे मिळाली होती. एका ठिकाणी पाऊण तासात बिने-कामत ही बुद्ध्यांक मोजणारी चाचणी उरकून ‘मूल मतिमंद आहे, म्हणून बोलत नाही’ असे लिहून दिले. दुसऱ्या ठिकाणी ‘फक्त स्वमग्नता आहे, बुद्धी उत्तम आहे’ असा दिलासा दिला. आम्ही अर्थातच दिलासा धरून ठेवला आणि ज्याला शर्टाची बटणे लावता येत नव्हती त्या मुलाला दोन वर्षे अक्षरे गिरवायला बसवले. त्याची ती रडारड आठवली की आजही जीव कळवळतो.

बिने-कामत चाचणीला माझा आक्षेप नाही. डॉ. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, परंतु तिच्यातील पुष्कळ प्रश्न तोंडी असतात, त्यामुळे जेमतेम दहा शब्द बोलणाऱ्या मुलाचा बुद्ध्यांक तिच्यावरून काढला तर बुद्धी मोजली की भाषा, हेच कळत नाही. या केंद्रातील मानसशास्त्रज्ञ बाईंनी ही अडचण पहिल्याच भेटीत स्वतःहून मांडली आणि कानांची बेरा तपासणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे पाहणारी) झालेली आहे ना, याची खात्री करून घेतल्यावरच पुढचे काम सुरू केले.

तीन आठवड्यांत तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत मुलाला न आणता आम्हा दोघांनाच बोलावले होते. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी भारतीय मुलांसाठी रूपांतरित केलेल्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनश्रेणीनुसार प्रश्न विचारले गेले. ‘तो स्वतः जेवतो’ असे मी म्हणताच बाईंनी विचारले, ‘रोज जेवतो का, आणि तुम्ही हात न लावता?’ मुलाला काय जमू शकेल यापेक्षा तो रोज काय करतो, याला येथे महत्त्व होते, आणि माझी निम्मी उत्तरे मला तिथेच बदलावी लागली. दुसऱ्या बैठकीत सेग्विन फलक होता, ज्यात दहा लाकडी आकार आपापल्या खाचांत बसवायचे असतात आणि बोलण्याची गरज पडत नाही. मुलगा गोल ठोकळा फिरवत बसला. बाईंनी त्याला तो मनसोक्त फिरवू दिला, मग पुन्हा फलक पुढे ठेवला आणि तेव्हा त्याने आकार बसवले. तिसऱ्या दिवशी स्वमग्नतेसाठीच्या भारतीय मापनश्रेणीतील ४० बाबी त्याच्या खेळातून आणि आमच्याशी बोलून तपासल्या.

निष्कर्ष समजावून सांगण्यासाठी तासभर वेळ दिला, आणि या केंद्राबद्दल लिहावेसे वाटले ते त्या तासामुळे. मुलाची समज साधारण साडेतीन वर्षांच्या मुलाएवढी आहे, परंतु नजर, हावभाव, बोट दाखवून मागणे हे सारे दीड वर्षाच्या मुलाएवढेच आहे. संवाद समजेच्याही मागे राहिला आहे, म्हणून दोन्ही निदाने करावी लागतात, असे त्यांनी सांगितले. संवाद समजेच्या बरोबरीने असता तर केवळ बौद्धिक अक्षमता म्हटली असती. असे आमच्याच वाट्याला आले, असे मला वाटत होते. अमेरिकेतील २०२० च्या पाहणीत, ज्यांच्या बुद्ध्यांकाची नोंद होती अशा आठ वर्षांच्या स्वमग्न मुलांपैकी सुमारे ३८ टक्के मुलांचा बुद्ध्यांक ७० किंवा त्याहून कमी, म्हणजे बौद्धिक अक्षमतेच्या टप्प्यात होता, हे कळल्यावर मन थोडे स्थिरावले. दोन्ही एकत्र असताना फिट येण्याची शक्यता वाढते, तेव्हा टक लावून थिजल्यासारखे झाल्यास बालमेंदूतज्ज्ञांना दाखवावे, असेही बजावले, आणि जनुकीय तपासणीबाबत त्यांचाच सल्ला घेण्यास सांगितले.

उणिवाही आहेत. भेटीसाठी अडीच महिने थांबावे लागले. प्रतीक्षागृहात दूरदर्शन संच मोठ्या आवाजात चालू असतो, जे अशा मुलांच्या केंद्रात मुळीच असू नये. अहवाल इंग्रजीत मिळाला. मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या आजीला तो कसा वाचता येणार? मागणी केल्यावर दोन पानी मराठी सारांश मिळाला, पण तो न मागता मिळायला हवा. दिव्यांग प्रमाणपत्र येथे मिळत नाही, त्यासाठी सरकारी रुग्णालयातच जावे लागते.

त्या सारांशात तीनच उद्दिष्टे होती: मोठी बटणे लावणे, चित्रकार्ड देऊन पाणी मागणे आणि शौचाला जायचे असल्याचे खुणेने सांगणे. सहा महिन्यांत पहिली दोन साधली आहेत. पाण्याचे कार्ड तो आजीच्याच हातात नेऊन देतो.

जाणाऱ्यांनी जुने सर्व अहवाल आणि मुलाच्या जेवणाचा व खेळण्याचा घरी काढलेला छोटा व्हिडिओ सोबत न्यावा. दुसऱ्या बैठकीत आमचा मुलगा बराच वेळ टेबलाखालून बाहेर आला नाही, तेव्हा बाईंनी तो व्हिडिओ पाहूनच सुरुवात केली.