एक दमदार ग्राफिक्स कार्ड की दोन साधी?

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून आधी उष्णतेचं गणित मांडा. आरटीएक्स ४०७० चं एक कार्ड २०० वॅट घेतं. ३०६० ची दोन मिळून ३४०. वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं, तापतं आणि आपसूक वेग उतरवतं. दोन कार्डांमध्ये मदरबोर्डवरचा निदान एक स्लॉट (कार्ड बसवायची खाच) मोकळा सोडाच.

गेमिंगसाठी दोन कार्डांचा नाद नको. ३०६० ला एसएलआयची (दोन कार्डं जोडून एकच गेम चालवण्याची) सोयच नाही, दुसरं नुसतं बसून राहतं.

चादरीचे थ्रीडी नमुने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स इंजिनमध्ये रेंडर करत (म्हणजे त्यांचं अंतिम चित्र काढत) असाल, तर दोन्ही कार्डं राबतात. पण दोन कार्डांची १२ आणि १२ जीबी मेमरी मिळून २४ होत नाही: अख्खा सीन प्रत्येक कार्डात मावावा लागतो. धाग्याधाग्याच्या टेक्स्चरने तो १५ जीबीवर गेला, की काम पीसीच्या रॅमवर जातं आणि रेंडर रेंगाळतो.

घरच्या पीसीवर एआय मॉडेल चालवायचं असेल तर मात्र दोन कार्डं घ्या. मॉडेलचे थर दोघांत वाटता येतात. ७५० वॅटचा चांगला एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घ्या, प्रत्येक कार्डाला वेगळी केबल द्या.