पिकअपचं ॲव्हरेज १०.६ वरून १२.८ : नऊ महिन्यांचा अनुभव

माझी बोलेरो पिकअप २०१७ ची. कॉमन रेल (कॉम्प्युटर मोजून डिझेल सोडतो असं) डिझेल इंजिन, २ लाख ७० हजार किलोमीटर झालेत. पिंपळगाव बसवंतहून वाशी मार्केटला टोमॅटो, हंगाम सरला की कोबी-फ्लॉवर. जाताना ६० कॅरेट भरलेली, येताना तीच रिकामी. आठवड्याला दोन खेपा, जाऊन-येऊन साधारण ४०० किलोमीटर.

डिझेल नव्वद रुपयांवर गेल्यापासून भाड्यातून हातात काही राहीना. म्हणून एक वही केली. दर खेपेला त्याच पंपावर, त्याच नोझलवर टाकी फुल. पंप आपोआप बंद झाला की थांबायचं, वर थेंबही नाही. आणि हिशेब कायम जाऊन-येऊन पूर्ण खेपेचाच. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. माल घेऊन उतरायचं आणि रिकाम्या गाडीने चढायचं, त्यामुळे नुसत्या जाण्याचा आकडा फसवा येतो. मीटरही मोबाइलच्या जीपीएसशी पडताळून घेतलं. मागे टायरचं माप बदललेलं असेल तर हे आधी करा, नाहीतर सगळी वही चुकेल.

पहिल्या चार खेपांचं ॲव्हरेज निघालं लिटरला १०.६ किलोमीटर.

सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते थर्मोस्टॅटकडून, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हकडून. माझा टेंपरेचरचा काटा कधी पाव भागाच्या वर जायचा नाही आणि मी इतकी वर्षं ते चांगलं लक्षण समजत होतो. गाडी गरम होते अशी तक्रार तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये केली होती, तेव्हा तिथे थर्मोस्टॅट काढूनच टाकला होता. आपल्याकडे हा उपाय सर्रास करतात. पण थर्मोस्टॅट नसला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. इंजिन पुरेसं तापत नाही, ऑइल घट्ट राहतं, डिझेल नीट जळत नाही. थंडीत पहाटे इगतपुरीच्या बाजूला तर हीटर लावला तरी कोमट वारा यायचा. नवा थर्मोस्टॅट बसवला, रेडिएटर साफ करून घेतला, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलं. रेडिएटर साफ न करता थर्मोस्टॅट बसवू नका, कारण गरम होण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा तिथेच असतं. काटा आता मधोमध उभा असतो. पुढच्या सहा खेपांचं ॲव्हरेज ११.२.

मग ब्रेक. खेप संपल्यावर चारही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात नेऊन बघायची सवय लावली. मागचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असायचं. जॅकवर घेऊन हाताने फिरवलं तर अर्धा फेरा करून थांबायचं. ब्रेक लायनर ड्रमला घासत होता आणि हँडब्रेकची केबल गंजून आखडली होती. केबल बदलली, लायनर सेट केले : ११.६. टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंपाच्या) होजला क्लिपजवळ चीर होती, चढावर काळा धूर त्यामुळेच येत होता. होज आणि एअर फिल्टर बदलल्यावर ११.९. टायरमध्ये हवा माल भरलेल्या गाडीच्या हिशेबाने, दाराजवळच्या स्टिकरवर दिलेली, दर सोमवारी टायर थंड असताना.

यापुढचा सगळा फरक पायाचा आहे. आधी मी नाशिक ते भिवंडी ८० ने जायचो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि कॅरेटची थप्पी ताडपत्रीसकट केबिनच्या वर गेली की गाडी म्हणजे चालती भिंत. आता ६० ते ६५. ताडपत्री फडफडणार नाही अशी दोरीने आवळतो. त्या टप्प्यात पंचवीसेक मिनिटं जास्त लागतात, म्हणून रात्री नऊऐवजी साडेआठला निघतो. माल मार्केटला वेळेतच लागतो. हे एकट्याने ११.९ चे १२.८ झाले, आणि याला रुपया लागला नाही.

कसारा घाटात गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, करू नका. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरलं की कॉमन रेल इंजिनचा कॉम्प्युटर डिझेल सोडणंच थांबवतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे बचत गिअरमध्येच आहे. आणि सव्वा टनाचा माल नुसत्या ब्रेकवर पेलायचा म्हटलं की ड्रम तापून ब्रेक लागेनासे होतात. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून वाईट, ब्रेकला जोर देणारा व्हॅक्यूमच जातो. त्या घाटात उलटलेल्या गाड्या मी पाहिल्यात. दोनशे रुपयांच्या डिझेलसाठी कुणाच्या घरचा माणूस जाऊ नये.

वाया गेलेले पैसेही सांगतो. डिझेलच्या पाइपवर बसवायचं चुंबक १,८०० रुपयांना घेतलं होतं. पाच खेपा लावून, पाच खेपा काढून पाहिलं; वहीत फरक दिसला नाही. ॲव्हरेज वाढवतं म्हणून टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटलीचंही तेच. कॉम्प्युटरचं ट्यूनिंग करून देणारे भेटले, पण जुन्या क्लचवर तो प्रयोग मला करायचा नव्हता.

टायर सोडून खर्च झाला १४ हजारांच्या आसपास. आता एका खेपेला साडेसहा लिटर डिझेल वाचतं, म्हणजे जवळजवळ ५८० रुपये. खर्च निघून आला आहे. भिवंडीजवळ माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये किंवा मार्केटच्या गेटवर रांगेत अडकलो तर आकडा अजूनही १२ वर येतो. गाडी हलत नसली की इंजिन बंद करतो, त्याहून जास्त काही हाती नाही.

सकाळी पहिल्या स्टार्टला थोडा पांढरा धूर येतो, तो मात्र गेलेला नाही. मिस्तरी म्हणतो एखादा इंजेक्टर गळत असावा. टोमॅटोचा हंगाम संपला की चारही इंजेक्टर काढून टेस्ट बेंचवर तपासून घेणार आहे.