आजी पडली: नोंद रुग्णालयात की घरच्या कॅलेंडरवर?

म्हातारी माणसं पडतात, डोक्याला लागतं; त्याची कुठली नोंद कामाची? रुग्णालयाच्या नोंदीत सीटी स्कॅन असतो, निदान पक्कं असतं. आयसीडी-१० या आजार-दुखापतींच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत कवटीच्या आतल्या दुखापतीला एस०६ हा कोड, पडण्याला वेगळा. हा दुसरा लिहायचा राहिला की कारणच हरवतं. आणि जे दवाखान्यात गेलेच नाहीत, ते मोजलेच जात नाहीत.

गिरगावच्या चाळीत आमची आजी मोरीच्या उंबऱ्याला अडखळली. "काही नाही गं, टेंगूळ आलंय." आईने कॅलेंडरवर तारीख लिहिली. तीन आठवड्यांनी आजीचे शब्द अडखळू लागले, तेव्हा डॉक्टरांनी आधी तेच विचारलं: कधी पडल्या होत्या? म्हातारपणी मेंदूभोवतीचा रक्तस्राव असा सावकाशही कळतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी धोका वाढतो.

मुंबईत अशा किती जणांच्या डोक्याला लागतं, हा आकडा कॅलेंडरवरून निघणार नाही, त्याला रुग्णालयच हवं. पण घरच्या माणसासाठी मी कॅलेंडरच निवडेन: तारीख, डोक्याला कुठे लागलं, गोळ्या कोणत्या.